भाषण आणि बंदोबस्त: ११ जून १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा दिवस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दिवसभर करतो तरी काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना हा एक दिवस सांगते. इतिहास शिकवताना मी या दिवसाकडे इतक्या वेळा वळले आहे की त्यावरचे प्रश्न आता पाठ झाले आहेत. वर्गात येतात, वर्गानंतर व्हरांड्यात येतात, आणि आताशा माझ्या वयाचे लोकही विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. ज्यांना फक्त भाषणाबद्दल वाचायचं असेल त्यांनीही आधी ऑक्सफर्डचा प्रश्न वाचावा. त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही.

त्या दिवशी नेमकं काय घडलं, थोडक्यात सांगाल?

मंगळवार होता. अलाबामा राज्यात टस्कलूसा गावी राज्याचं विद्यापीठ आहे. तिथे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, असा केंद्रीय न्यायालयाचा हुकूम होता. राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात आडवे उभे राहिले. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी अलाबामाचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, आपल्या हुकमाखाली घेतलं, दुपारी वॉलेस बाजूला झाले आणि दोघांचा प्रवेश झाला. त्याच रात्री आठ वाजता केनेडी टीव्हीवर आले आणि नागरी हक्कांचा कायदा आणणार असल्याचं त्यांनी देशाला सांगितलं. ते आले तेव्हा भाषण पुरतं लिहून झालेलं नव्हतं.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपालच ना? तो दारात कसा काय उभा राहील?

नाव तेच असलं तरी पद वेगळं आहे. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, राज्याचा कारभार आणि राज्याचे पोलीस त्याच्या हाती असतात. आपल्याकडचं जवळचं पद शोधायचं तर मुख्यमंत्री म्हणा. वॉलेस १९६२ची निवडणूक लढले तीच मुळी वर्णभेद टिकवण्याच्या शब्दावर. न्यायालयाने काहीही म्हटलं तरी मी स्वतः शाळेच्या दारात उभा राहीन, असं त्यांनी प्रचारात सांगितलं होतं. १४ जानेवारी १९६३ला शपथ घेताना ते म्हणाले, "आज वर्णभेद, उद्या वर्णभेद, कायम वर्णभेद." हे भाषण लिहून देणारा एसा कार्टर हा कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या टोळीतला माणूस होता. त्या वर्षी भाषणं दोन्ही बाजूंनी लिहिली जात होती हे विसरू नये.

ते दोन विद्यार्थी कोण होते?

व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड. दोघंही अलाबामाचेच, दोघंही विशीतले, दोघंही गुणवत्तेत बसणारे. त्यांच्या आधी १९५६मध्ये ऑथरीन ल्यूसी यांना याच विद्यापीठात न्यायालयामार्फत प्रवेश मिळाला होता. काही दिवसांतच जमावाने दंगा केला आणि विद्यापीठाने दंगेखोरांऐवजी त्यांनाच काढून टाकलं. मलोन आणि हूड या दोघांना ते पक्कं ठाऊक होतं. तरी ते आले.

राष्ट्राध्यक्षाने सरळ पोलीस पाठवून दार मोकळं का केलं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली रस्त्यावर उभे करायला पोलीस नसतात. पोलीस राज्याचे, शहराचे, काउंटीचे. केंद्राकडे एफबीआय होती, पण तिचं काम तपासाचं. बंदोबस्ताला उभं राहणं आपलं काम नव्हे, असंच तिचे प्रमुख जे. एडगर हूव्हर सांगत आले. उरले केंद्रीय न्यायालयांचे मार्शल. ते न्यायालयाचे हुकूम बजावतात, आणि हजारोंच्या जमावापुढे ते मूठभरच ठरतात.

मग लष्कर. तिथे १८७८चा एक कायदा आडवा येतो. लष्कराला पोलिसाचं काम देऊ नये, असा त्याचा आशय. त्यातून वाट काढणारा जुना कायदा १८०७पासूनचा आहे: केंद्राचा कायदा वा न्यायालयाचा हुकूम बळजबरीने अडवला जात असेल तर राष्ट्राध्यक्ष सैन्य किंवा राज्याचं गार्ड वापरू शकतो. मात्र त्याआधी त्याला एक जाहीरनामा काढावा लागतो. अडथळा आणणाऱ्यांनी बाजूला व्हावं, असं त्यात नावानिशी किंवा वर्णनाने सांगायचं. म्हणजे बंदोबस्ताची पहिली पायरीसुद्धा कागदावरची वाक्यंच. ११ जूनला हा जाहीरनामा सकाळी निघाला, क्रमांक ३५४२. त्यालाही वॉलेस बधले नाहीत, तेव्हा कार्यकारी आदेश ११११११ नव्हे, ११११ही नव्हे, तर ११,१११ निघाला. आकडा पाचवेळा एक असा असल्यामुळे उताऱ्यांत हमखास चुकतो, म्हणून मुद्दाम लिहिते. या आदेशाने अलाबामाचं गार्ड केंद्राच्या सेवेत आलं. सकाळी ज्या सैनिकांचे सर्वोच्च अधिकारी वॉलेस होते, त्यांचे दुपारी केनेडी झाले. माणसं तीच, गणवेश तोच.

ऑक्सफर्डचा उल्लेख सगळीकडे येतो. तिथे काय झालं होतं?

हे ऑक्सफर्ड मिसिसिपी राज्यातलं. ३० सप्टेंबर १९६२. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय माजी सैनिकाला तिथल्या विद्यापीठात प्रवेश द्यायचा होता. केनेडी बंधू (राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट) आणि मिसिसिपीचे गव्हर्नर रॉस बार्नेट यांच्यात अनेक दिवस फोनवर घासाघीस चालली. बार्नेट सकाळी एक बोलत, संध्याकाळी दुसरं. शेवटी रविवारी संध्याकाळी मार्शलांनी मेरेडिथना गुपचूप वसतिगृहात पोचवलं आणि मार्शल प्रशासकीय इमारतीभोवती कडं करून उभे राहिले. अंधार पडता पडता दगड, विटा, बाटल्या सुरू झाल्या. राज्याचे पोलीस निघून गेले. मार्शलांनी अश्रुधूर सोडला.

आणि नेमक्या त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये केनेडी टीव्हीवर बोलत होते. मेरेडिथ विद्यापीठात सुखरूप पोचले आहेत, विद्यार्थ्यांनी राज्याची आणि विद्यापीठाची अब्रू राखावी, असं शांत, सुसंस्कृत भाषण. भाषण चांगलं होतं. ज्यांना उद्देशून होतं ते ऐकत नव्हते, ते दगड फेकत होते. बोलणाऱ्याला दंगल किती पेटली आहे याची पुरती कल्पनाच नव्हती. लष्कराला पोचायला तास न् तास लागले. सकाळपर्यंत दोन माणसं मेली होती, त्यांतला एक फ्रेंच बातमीदार पॉल गिहार. दीडशेहून अधिक मार्शल जखमी झाले.

टस्कलूसाचा प्रत्येक निर्णय या रात्रीच्या सावलीत घेतला गेला. माझं मत विचाराल तर ११ जूनचं भाषण इतकं खरं उतरलं याचं पहिलं कारण ऑक्सफर्ड. तिथे भाषण एका खोलीत आणि बंदोबस्त दुसऱ्या खोलीत चालला होता. टस्कलूसाला दोन्ही कामं एकाच टेबलावर आली: दार उघडल्याची खात्री पटेपर्यंत भाषण ठरलंच नाही, आणि भाषणाचं पहिलं वाक्य दाराशी काय झालं त्याचंच आहे.

तयारी कधीपासून चालली होती?

एप्रिलपासून. राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी ॲटर्नी जनरल होते, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख. २५ एप्रिलला ते स्वतः अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमेरीला जाऊन वॉलेसना भेटले. काही हाती लागलं नाही. १८ मे रोजी राष्ट्राध्यक्ष एका समारंभासाठी अलाबामात गेले आणि वॉलेसना हेलिकॉप्टरमध्ये शेजारी बसवून बोलले. त्यातूनही काही निघालं नाही. ५ जूनला न्यायाधीश सेबर्न लिन यांनी वॉलेसविरुद्ध मनाई हुकूम काढला: प्रवेशात अडथळा आणायचा नाही. मात्र गव्हर्नरने विद्यापीठाच्या आवारात येऊच नये, असं त्यांनी म्हटलं नाही. ही फट दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवली.

दाराशी प्रत्यक्ष काय झालं?

फॉस्टर ऑडिटोरियम ही नोंदणीची इमारत. वॉलेस दाराच्या सावलीत, पुढे भाषणाला घेतात तसा उंच डेस्क, गळ्यात मायक्रोफोन. जमिनीवर पांढऱ्या खुणा आखलेल्या होत्या, म्हणजे न्याय खात्याचा माणूस येऊन कुठे थांबणार तेही आधीच ठरवलेलं. तो माणूस निकोलस कॅट्झेनबाख, उप-ॲटर्नी जनरल. उंच, टक्कल पडत चाललेले, दुसऱ्या महायुद्धात विमान पडल्यावर शत्रूच्या कैदेत दिवस काढलेले. ते भर उन्हात उभे, घामाने निथळलेले, हात बांधून. एका बाजूला केंद्राचे सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला मार्शल. मुलं मागे गाडीत बसलेली.

कॅट्झेनबाख बोलायला लागले तेव्हा वॉलेसनी त्यांना तोडलं. तुमचं काय निवेदन असेल ते करा, तुमचं भाषण आम्हाला नको, असं म्हणाले. आणि मग स्वतः खिशातून कागद काढून राज्यांच्या हक्कांवर पानंच्या पानं वाचली. कॅट्झेनबाखांनी त्यांना एवढंच ऐकवलं की, गव्हर्नर, या कहाणीचा शेवट या विद्यार्थ्यांच्या प्रवेशात होणार हे आपल्याला सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. वॉलेस गप्प, हनुवटी वर, नजर समोर.

यानंतर कॅट्झेनबाखांनी जे केलं ते मला अतिशय आवडतं. ते वाद वाढवत बसले नाहीत. गाडीकडे परत गेले आणि दोघांची वसतिगृहांत रवानगी झाली. मलोन आपल्या, हूड आपल्या. खोल्या आधीच नेमलेल्या होत्या. नोंदणीचं दार अडलं होतं, पण मुलं विद्यापीठात राहायलाही आली होती.

दुपारी गार्ड घेऊन ब्रिगेडियर जनरल हेन्री ग्रॅहॅम आले. हे स्वतः अलाबामाचे. ते वॉलेसपुढे उभे राहिले, सलाम केला आणि म्हणाले, राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावरून आपल्याला बाजूला व्हायला सांगणं हे माझं दुःखद कर्तव्य आहे. वॉलेस आणखी थोडं बोलले, आणि गाडीत बसून निघून गेले. दोघं आत गेले, फॉर्म भरले. एक दगडही उडाला नाही.

विद्यार्थ्यांना गाडीत का ठेवलं? त्यांनी स्वतः दाराशी जायला नको होतं का?

यामागे न्याय खात्याचा बारीक विचार होता. वॉलेसनी मुलांना तोंडावर "तुम्हाला प्रवेश नाही" असं म्हटलं असतं तर न्यायालयाचा अवमान उघड उघड झाला असता, आणि त्यांना अटक करणं भाग पडलं असतं. गव्हर्नरला हातकड्या घालण्याचं छायाचित्र हेच वॉलेसना हवं होतं, आणि ते दिसताच गावोगावचा जमाव पेटला असता. मुलं समोर आलीच नाहीत, त्यामुळे वॉलेसनी अडवलं ते सरकारी अधिकाऱ्याला. दुसरं कारण माणुसकीचं. कॅमेऱ्यांच्या गराड्यात एका वीस वर्षांच्या मुलीला जगासमोर हिणवू द्यायचं नव्हतं.

वॉलेसना हवा तो तमाशा करू दिला, हे योग्य होतं का?

यावर माझं मन अजून पुरतं स्थिर नाही. एकीकडे कोणी मेलं नाही, आणि ऑक्सफर्डनंतर ही फार मोठी गोष्ट होती. दुसरीकडे त्या उंच डेस्कमागच्या पोजवर वॉलेस पुढे अनेकदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्या दाराने त्यांना देशभर नेलं. तरी मलोन आणि हूड सुखरूप वर्गात पोचले, आणि दोन पारड्यांत मला हेच जड वाटतं.

रात्रीचं भाषण कधी ठरलं आणि कोणी लिहिलं?

लिहिलं मुख्यतः थिओडोर सोरेन्सन यांनी. नेब्रास्काचे, तेव्हा ३५ वर्षांचे, केनेडी सिनेटमध्ये असल्यापासून त्यांच्यासोबतचे. त्या आठवड्यातलं काम पाहा. ९ जूनला केनेडी होनोलुलूमध्ये शहरांच्या महापौरांपुढे वंशप्रश्नावर बोलले आणि रात्रीच्या विमानाने परतले. १० जूनला सकाळी अमेरिकन युनिव्हर्सिटीत त्यांनी सोव्हिएत संघाशी शांतता आणि अणुचाचण्या यांवरचं गाजलेलं भाषण केलं. त्याच दिवशी स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि ११ला हे.

टीव्हीवर बोलावं की नाही, यावर १० तारखेला चर्चा झाली होती. बहुतेक सल्लागार नको म्हणत होते. दक्षिणेतले डेमोक्रॅट खासदार दुखावतील, बाकीची विधेयकं अडतील, असा त्यांचा हिशेब. रॉबर्ट केनेडी बोला म्हणत होते. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय दुसऱ्या दिवसापर्यंत लांबवला. टस्कलूसाला रक्त सांडलं असतं तर भाषण वेगळंच, शांततेच्या आवाहनाचं झालं असतं. वॉलेस बाजूला झाले, आणि केनेडींनी ठरवलं, आज रात्रीच. सोरेन्सनच्या हातात काही तासच उरले.

पुढचं दृश्य असं: मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत राष्ट्राध्यक्ष, त्यांचा भाऊ आणि न्याय खात्यातल्या नागरी हक्क विभागाचे प्रमुख बर्क मार्शल. सोरेन्सन आपल्या खोलीत लिहिताहेत, पानं टंकलिखित होऊन येताहेत. प्रसारणाची वेळ जवळ आली आणि भाषण अपुरं. राष्ट्राध्यक्षांनी एका पाकिटाच्या मागे मुद्दे खरडायला घेतले, वेळ पडली तर तेवढ्यावरच बोलता यावं म्हणून. शेवटच्या काही मिनिटांत पानं हाती आली. शेवट लिहिलेला नव्हताच.

भाषणात कायदा-सुव्यवस्थेबद्दल काय म्हटलं आहे?

पुष्कळ, आणि अगदी सुरुवातीपासून. पहिलं वाक्य असं: आज दुपारी, धमक्या आणि आव्हानं यांच्या मालिकेनंतर, न्यायालयाचा अंतिम हुकूम अमलात आणण्यासाठी अलाबामा विद्यापीठात नॅशनल गार्ड लागलं. लगेच पुढे ते सांगतात की प्रवेश शांततेत झाला याचं मोठं श्रेय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वागण्याला आहे. ऑक्सफर्डच्या रात्री ज्या विद्यार्थ्यांना विनवण्या केल्या तसल्याच विद्यार्थ्यांचे इथे आभार आहेत. हा फरक ऐकताना अंगावर येतो.

मग आकडे. आज जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलाची शाळा पूर्ण होण्याची शक्यता त्याच दिवशी, त्याच ठिकाणी जन्मलेल्या गोऱ्या मुलाच्या निम्मी. कॉलेज पूर्ण होण्याची एक तृतीयांश. बेकार राहण्याची दुप्पट. वर्षाला १०,००० डॉलर कमावण्याची सुमारे एक सप्तमांश. आयुष्य सात वर्षांनी कमी.

मग ते वाक्य ज्यासाठी हे भाषण लक्षात राहिलं: आपल्यापुढचा प्रश्न मुळात नैतिक आहे, धर्मग्रंथांइतका जुना आणि अमेरिकेच्या राज्यघटनेइतका स्पष्ट. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाने हे इतक्या थेट शब्दांत टीव्हीवर कधी म्हटलं नव्हतं. आणि गोऱ्या श्रोत्याला विचारलेला प्रश्न: तुमच्यातला कोण आपल्या कातडीचा रंग बदलून त्याच्या जागी उभा राहायला तयार होईल? धीर धरा, थांबा, हा सल्ला मग कोणाला गोड लागेल?

पोलिसांबद्दलचं वाक्य उद्धृत फारसं होत नाही, म्हणून इथे ठळक सांगते. हा पेच दडपशाहीच्या पोलिसी कारवाईने सुटणार नाही, आणि तो रस्त्यावरच्या वाढत्या निदर्शनांवर सोडूनही देता येणार नाही, असं ते म्हणतात. मे महिन्यात अलाबामातल्याच बर्मिंगहॅमला निदर्शनं करणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलिसी कुत्रे आणि अग्निशमनाच्या पाण्याचे जोरदार फवारे सोडले गेले, ती छायाचित्रं जगाने पाहिली होती. तिथले पोलीसप्रमुख बुल कॉनर कायदाच राबवत असल्याचं सांगत होते. ज्या गावात कायद्याचा रखवालदारच असा, तिथे माणसाने दाद मागायची कुठे? न्यायालयात जायचं तर वर्षं जातात, म्हणून लोक रस्त्यावर येतात, आणि म्हणून संसदेने कायदा करावा, असा भाषणाचा युक्तिवाद आहे. दिवसभर एका दारासाठी जाहीरनामा, आदेश, जनरल असं सगळं लावावं लागलेला माणूस हे बोलतो आहे. देशभर अशी हजारो दारं होती आणि प्रत्येक दाराशी गार्ड उभं करता येत नाही, हे त्याने त्याच दिवशी हिशेबाने पाहिलं होतं.

शेवटचा भाग खरंच ऐन वेळी बोललेला आहे?

हो, आणि ते कानाला कळतं. भाषण साधारण साडेतेरा मिनिटांचं आहे. ध्वनिमुद्रण लावा आणि डोळे मिटून ऐका. आधीच्या भागात सोरेन्सनची वाक्यं तोलून मापून येतात, एकसारखी सुरू होतात, पायऱ्यांसारखी चढतात. शेवटच्या तीन-चार मिनिटांत वाक्यं लांबतात, जोडली जातात, मध्येच वळतात. प्रत्येक मुलाची बुद्धी, कुवत, जिद्द सारखी नसेल, पण ती वाढवण्याचा हक्क सारखा हवा, हे तिथलं. कृष्णवर्णीय समाजाने कायदा पाळावा ही आपली अपेक्षा रास्त, पण कायदा न्याय्य असेल ही त्यांची अपेक्षाही तितकीच रास्त, हेही तिथलंच. मी वर्गात हा भाग दोनदा लावते. दुसऱ्या वेळी कोणी काही सांगायच्या आत मुलं मान वर करतात: आता ते वाचत नाहीयेत.

लोकांनी भाषण कसं घेतलं?

मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच रात्री तार करून मनापासून कौतुक केलं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मात्र दुसऱ्याच दिवशी फटका बसला. मागास भागांच्या विकासाचं एक साधं विधेयक प्रतिनिधिगृहात थोडक्या मतांनी पडलं, कारण दक्षिणेतल्या सदस्यांनी पाठ फिरवली. सल्लागारांचा हिशेब चुकीचा नव्हता. तरीही बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

मेडगर एव्हर्स यांचा या दिवसाशी काय संबंध?

भाषणानंतर काही तासांत, १२ जून उजाडताना मध्यरात्रीनंतर, मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात त्यांची हत्या झाली. ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे मिसिसिपीतले क्षेत्र सचिव होते, ३७ वर्षांचे, महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेले. पत्नी मर्ली यांनी मुलांना उशिरापर्यंत जागू दिलं होतं. घरात सगळ्यांनी राष्ट्राध्यक्षांचं भाषण पाहिलं, बाबा आले की त्यावर बोलायचं होतं. गाडीचा आवाज आला, दार वाजलं, आणि पाठोपाठ गोळी. पाठीत लागली. हातात चळवळीचे टी-शर्ट होते.

त्या घराला समोरून दारच ठेवलं नव्हतं. हल्ला होईल हे माहीत असल्यामुळे ये-जा गाडी लावण्याच्या जागेतून होती. टस्कलूसाला एका दारासाठी सगळं केंद्र सरकार कामाला लागलं त्याच दिवशी, शेजारच्या राज्यात, धमक्या येत असलेल्या माणसाच्या अंगणात एकही मार्शल नव्हता. मारेकरी बायरन डी ला बेकविथ याच्यावर १९६४मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. तो दोषी ठरला ५ फेब्रुवारी १९९४ला. जवळजवळ एकतीस वर्षं निघून गेली होती.

एव्हर्स यांचा दफनविधी १९ जूनला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत झाला. त्याच दिवशी केनेडींनी नागरी हक्कांचं विधेयक काँग्रेसकडे पाठवलं.

म्हणजे केनेडींनी उशीर केला, असंच ना?

केला. १९६०च्या प्रचारात त्यांनी सांगितलं होतं की घरांच्या वाटपातला भेदभाव राष्ट्राध्यक्ष लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवू शकतो, आणि तो आदेश निघायला नोव्हेंबर १९६२ उजाडला. दक्षिणेत त्यांनी नेमलेल्या काही न्यायाधीशांनी वर्णभेदच जपला. केनेडींना हलवलं ते बर्मिंगहॅमच्या मुलांनी. हे मान्य करूनही ११ जूनची रात्र लहान होत नाही. विधेयक मंजूर झालं तेव्हा ते हयात नव्हते. लिंडन जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ला त्यावर सही केली.

आपल्या राष्ट्रपतींचा दिवस असाच असतो का?

नाही. आपल्या घटनेत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय आहेत, आणि केंद्राची जबाबदारी पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ पाहतं. संसदेपुढचं राष्ट्रपतींचं अभिभाषणही सरकारने तयार केलेलं असतं. म्हणून मी इथे केनेडींसाठी जाणूनबुजून "राष्ट्राध्यक्ष" लिहिते.

महाराष्ट्राशी याचा काही धागा आहे?

आहे, पण ओढूनताणून लांबवू नये. किंग १९५९मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले. आणि त्याही आधी, १९४६मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांचे कागद वाचत होती.

मलोन आणि हूड यांचं पुढे काय झालं?

हूड यांनी तणावामुळे काही आठवड्यांतच विद्यापीठ सोडलं. पुढे ते परतले आणि १९९७मध्ये तिथूनच डॉक्टरेट मिळवली. मलोन टिकून राहिल्या. १९६५मध्ये पदवी घेतली, त्या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर. नंतर न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागातच नोकरी केली. १९९६मध्ये वॉलेस कुटुंबाच्या प्रतिष्ठानने धैर्यासाठीचा पहिला पुरस्कार त्यांनाच दिला, आणि तो द्यायला व्हीलचेअरवरचे जॉर्ज वॉलेस हजर होते. मलोन यांची बहीण शॅरन यांचे पती एरिक होल्डर २००९मध्ये ॲटर्नी जनरल झाले, रॉबर्ट केनेडी होते त्याच पदावर.

फॉस्टर ऑडिटोरियम आजही उभं आहे. समोरच्या चौकाला मलोन-हूड यांचं नाव आहे, आणि तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याला ऑथरीन ल्यूसी यांचं.